हे काय, इथेच



मघाशी या वसाहतीच्या फाटकातून आत येताना, पहिल्याच इमारतीच्या पायरीवर भाजी निवडत बसलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "काय, कुणीकडे?" मी म्हटलं, "हे काय, इथेच." त्यांनी मान हलवली, मी पुढे आले. त्या कोण ते मला ठाऊक नाही, मी कोण ते त्यांना ठाऊक नाही. त्यांना माझ्याकडून काही कळलं नाही आणि कळावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. तरी त्या क्षणापर्यंत मी वसाहतीत शिरलेली एक परकी बाई होते आणि त्यानंतर राहिले नाही. त्यांनी 'कुठे' म्हटलं नाही, 'कुणीकडे' म्हटलं. घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, अपशकुन होतो, असं माझी आजी सांगायची. त्या बाईंनाही कुणी आजीनंच सांगितलं असेल.

आज मला या 'कुणीकडे'विषयी आणि 'इथेच'विषयी बोलायचं आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना हा विषय चालला असता असं मला वाटतं. सरांकडे मी नंतर येईन.

माझी या विषयाशी गाठ पडली ती नोकरीमुळे. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात होते म्हणून आम्ही अँटॉप हिलच्या या क्वार्टर्समध्ये वाढलो. १९७४ साली मी मुंबई टेलिफोन्सच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. एमटीएनएल १९८६ साली आलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. आज इथे बसलेल्या तरुणांना सांगावं लागेल की परगावी फोन लावायचा तर कॉल बुक करून ताटकळत बसावं लागे. ऑर्डिनरी, त्याहून महाग अर्जंट, आणि अगदी जिवावर बेतलं असेल तर लाइटनिंग. पैसे तीन मिनिटांच्या हिशेबानं. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये शिरून विचारायचो, "टाइम झाला, वाढवायचा?" लाइन चालू आहे ना हे बघायलाही मध्ये कान द्यावा लागे. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही हा नियम होता आणि आम्ही तो मनापासून पाळायचो. पण सुरुवात कानावर पडतेच, शेवटही पडतो.

माणसं दोन-दोन तास वाट बघून, पगाराच्या मानानं बरेच पैसे मोजून, ती तीन मिनिटं विकत घ्यायची. आणि त्यातलं पहिलं मिनिट कशावर खर्च व्हायचं? "हॅलो, मी बोलतोय." "हां, बोल. कसा आहेस?" "मी बरा आहे. तुम्ही कसे आहात?" "आम्ही बरे. जेवलास का?" "जेवलो. तुमचं जेवण झालं?" "झालं. पाऊस आहे का तिकडे?" घड्याळाचा काटा फिरत असायचा. नवीन लागलेल्या मुलींना वाटायचं, हे लोक मुद्द्याचं का बोलत नाहीत? मलाही वाटायचं. पुढे कळलं की पुष्कळ कॉलमध्ये दुसरा मुद्दा नसतोच. 'जेवलास का' हे विचारण्यासाठीच कॉल लावलेला असतो.

नोकरी करता करता मी भाषाविज्ञानात एम.ए. केलं, तेव्हा या बोलण्याला नाव आहे हे समजलं. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. १९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' या ग्रंथाला जोडलेल्या निबंधात त्यानं 'फॅटिक कम्यूनियन' असा शब्द वापरला. नुसत्या शब्दांच्या देवघेवीतून माणसं एकमेकांशी बांधली जातात, असं बोलणं. त्याचं म्हणणं असं की अशा बोलण्यात शब्दांचा अर्थ जवळजवळ गैरलागू असतो. दोन माणसं समोरासमोर आली आणि गप्प राहिली तर ते गप्प राहणंच भीती घालतं. ती भीती घालवायला शब्द लागतात. या वसाहतीच्या जिन्यांवर वाढलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. समोरच्या दारातल्या तमिळ मामी माझ्या आईला रोज दुपारी "साप्टाच्चा?" विचारायच्या आणि आई म्हणायची, "हो, झालं. तुमचं?" आईला तमिळ येत नव्हतं, मामींना मराठी नावापुरतं. जेवण झालंय का, हा प्रश्न मात्र दोन्ही भाषांत एकाच वेळी, दीडच्या सुमारास, एकाच सुरात यायचा.

निघतानाही तेच. मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मामी 'पोयिट्टु वरेन' म्हणायच्या, म्हणजे जाऊन येते. निरोप घेणं हे काम इतकं नाजूक आहे की ते कुठल्याच भाषेत एका फटक्यात होत नाही. हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली फक्त संभाषण संपतं कसं यावर एक मोठा निबंध लिहिला. त्यांनी दाखवलं की संपवण्याआधी संपवायची परवानगी मागितली जाते आणि ती मिळावी लागते. आपल्याकडे ती पायरी पायरीनं मागतात. आधी "आणखी काय?" येतं. त्यावर "काही नाही, तुम्हीच सांगा." मग "बरं." हा 'बरं' फार महत्त्वाचा. तो लांबवून म्हटला तर बसा आणि तोडून म्हटला तर उठा. मग "चला." 'चला' म्हणणारा उठत नाही, तो नुसता गुडघ्यांवर हात ठेवतो. मग दारात उभं राहून पुन्हा पाच मिनिटं, आणि खरी गोष्ट अनेकदा त्या पाच मिनिटांत निघते. ट्रंक कॉलवर दार नव्हतं, म्हणून तिथे "ठेवू?" असं विचारत. "ठेव." "हां, ठेवतो." "तब्येतीला जप." "ठेवू मग?" मी हेडफोनवर हे हजारो वेळा ऐकलं. एकदम ठेवून दिला असा कॉल मला आठवत नाही, भांडणाचे सोडून.

आपल्या शहरानं मात्र या लांबणीतून वेळ वाचवायच्याही रीती बसवल्या. हार्बरच्या बायकांच्या डब्यात संध्याकाळी उभी असलेली बाई बसलेल्या बाईला एकच शब्द विचारते, "कुठे?" इथे 'कुठे' चालतं, गाडी निघालेलीच असते. उत्तर येतं, "कुर्ला." झालं, ती जागा आता उभ्या बाईची. चुनाभट्टीला दुसरी कुणी येऊन विचारलं तर बसलेली बाई नुसतं बोट दाखवते, यांना सांगितलंय. ना पावती, ना साक्षीदार, आणि सबंध डबा तो शब्द पाळतो. तीन जणींच्या बाकावर चौथीला अर्धी मांडी टेकवता यावी म्हणून "जरा" एवढंच म्हणायचं असतं. 'सरका' म्हटलं की आगाऊपणा झाला. हे कुणी शिकवत नाही. पहिल्या आठवड्यात एकदोनदा डोळे वटारले जातात आणि समजतं.

हे न शिकवलेले नियम दिसतात ते मोडल्यावर. हॅरॉल्ड गारफिंकेल या समाजशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना ते मुद्दाम मोडायला लावलं. ओळखीचा माणूस "कसं काय?" म्हणाला की विचारायचं, कशाच्या बाबतीत? तब्येतीच्या, पैशाच्या, अभ्यासाच्या? समोरचा माणूस लाल व्हायचा. काहींनी स्वतःच्या घरात थोडा वेळ भाडेकरूसारखं, अतिनम्रपणे वागायचं. घरच्यांना वाटायचं मुलाला बरं नाही किंवा तो रागावलाय. हे सगळं गारफिंकेलच्या १९६७ सालच्या पुस्तकात आहे. आमच्या इमारतीत असाच प्रसंग कुठल्याही प्रयोगाविना घडला. उत्तरेतून बदली होऊन नवीन बिऱ्हाड आलं होतं. पिशवी घेऊन जिना उतरणाऱ्या त्या बाईंना आईनं सवयीनं विचारलं, "बाजार?" त्या थांबल्या, काय काय आणायचंय ते त्यांनी सगळं सांगितलं, कुठल्या दुकानात काय भावानं मिळतं ते विचारलं, आणि "आपके लिए क्या लाऊँ?" म्हणाल्या. आई गांगरली. काहीतरी सांगायचं म्हणून तिनं अर्धा किलो बटाटे सांगितले. त्या संध्याकाळी बटाटे आले. आईच्या आयुष्यातली एक मोठी मैत्री त्या चुकलेल्या उत्तरातून सुरू झाली, आणि म्हणून ठरलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस अडाणी असतो असं मी कधी मानलं नाही.

इथपर्यंत मी जे बोलले ते सगळ्यांना गोड वाटेल. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतोच. पण त्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिन्यातल्या कुणाला बोलवायचं नाही हेही आमच्या लहानपणी न बोलता ठरलेलं होतं, आणि नवरा गेलेल्या बाईला त्या दिवशी दार लोटून घ्यावं लागायचं. म्हणजे या ठरलेल्या बोलण्याच्या संहितेत सगळ्यांना सारखे संवाद नाहीत. काहींना उत्तर सहज सुचतं. काहींना ते घरून तयार करून आणावं लागतं. मला आज सांगायचं आहे ते हे.

आमच्या एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर एक मुलगी होती. तिचं आडनाव 'कर' लागणारं, गावावरून आलेलं. अशा आडनावावरून गाव कळतं, पण विचारणाऱ्याला जे हवं असतं ते कळत नाही. मग पुढचे प्रश्न येतात. "म्हणजे मूळचे कुठले?" "कुलदैवत कुठलं तुमचं?" आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर खास, "तुमच्यात गौरी कशाच्या? खड्यांच्या की मुखवट्यांच्या?" विचारणाऱ्या बायका वाईट नव्हत्या. डबा खाताना बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारायच्या, मीही विचारलंय. ती मुलगी दर वेळी हेडफोन कानाला लावायची आणि म्हणायची, "एक मिनिट हं, कॉल आहे." मी तिच्या शेजारी बसायचे. कॉल आला की बोर्डावर दिवा लागायचा. तिच्या बोर्डावर दिवा लागलेला नसायचा. चार वर्षं मी तो न लागलेला दिवा पाहिला आणि तिला गर्विष्ठ समजले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी हार्वी सॅक्सची व्याख्यानं वाचली. १९६३-६४ साली तो लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंधक केंद्रात काम करत होता. तिथे येणारे फोन ध्वनिमुद्रित होत. केंद्राला अडचण अशी होती की फोन करणारे नाव सांगत नसत. फोन घेणारा आधी आपलं नाव सांगे, म्हणजे समोरच्यानंही सांगावं. कारण रीत तशी आहे, एकानं नाव सांगितलं की दुसरा सांगतो. एका कॉलमध्ये समोरचा माणूस म्हणतो, मला नीट ऐकू येत नाही. फोन घेणारा नाव पुन्हा सांगतो, तो नुसतं तेच नाव उच्चारतो, आणि तोवर नाव सांगायची जागा निघून जाते. सॅक्सच्या लक्षात आलं की ऐकू न येणं ही इथे तक्रार नाही, ती वाट आहे. रीत न मोडता, उद्धट न ठरता, नाव चुकवण्याची वाट. आजचं संभाषण-विश्लेषण हे शास्त्र त्या कॉलपासून सुरू झालं म्हटलं तरी चालेल. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. स्वतःच्या जिवावर उठलेल्या अमेरिकी माणसानं जी युक्ती वापरली तीच युक्ती माझ्या शेजारची मुलगी गौरींच्या प्रश्नावर रोज वापरत होती.

आपल्याकडे 'तुम्ही कोण' या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे आणि त्याचा एक धागा इथून जवळच, हिंदू कॉलनीतल्या राजगृहापर्यंत जातो. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून लहानगे बाबासाहेब आणि बरोबरची मुलं रेल्वेनं मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांचा माणूस न्यायला आला नव्हता. कपडे चांगले, बोलणं चांगलं. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करू लागला, कुणाची मुलं, कुठे जायचंय. मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण? त्या मुलानं विचार न करता खरं उत्तर दिलं, महार. मास्तरचा चेहराच बदलला आणि तो मागे सरून आपल्या खोलीत निघून गेला. पुढची बैलगाडीची, पाण्याची कहाणी पुष्कळांना माहीत आहे. मला थांबवतो तो त्या संभाषणाचा पहिला भाग. तोपर्यंत ते अगदी आपल्या जिन्यातलं संभाषण होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळलं की 'कोण' या प्रश्नाला उत्तर आधी तयार ठेवायचं असतं.

नमस्कार हा तर सगळ्यांत साधा शब्द. त्याच्यावरही या मुंबईत बंदी आली होती. १७७९ साली सोनार मंडळींनी 'नमस्कार' असं म्हणावं की नाही यावरून ब्राह्मणांनी तक्रारी केल्या, पेशव्यांनीही लिहिलं, आणि कंपनी सरकारच्या मुंबईच्या सेक्रेटरीनं ऑगस्ट महिन्यात सोनारांच्या प्रमुखाला पत्र लिहून हा शब्द वापरायची मनाई कळवली. बाबासाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या लेखनात दिला आहे. महारांनी 'जोहार' म्हणायचं हेही तसंच ठरलेलं. चोखामेळ्याच्या अभंगातही जोहार आहे. त्या जोहाराच्या जागी 'जय भीम' आलं. ते रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. ते उणीपुरी पस्तीस वर्षं जगले, १९३९ साली गेले. भेटल्यावर काय म्हणायचं हे वरून ठरवून दिलेल्या माणसांनी ते स्वतः ठरवलं, यापेक्षा मोठी भाषिक घटना गेल्या शंभर वर्षांत मराठीत घडली असेल असं मला वाटत नाही. तरी आजही ऑफिसात फोन घेताना 'जय भीम' म्हणताना आवाज उतरवणारी माणसं मी पाहिली आहेत. आवाज उतरवायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. आम्ही म्हणजे तुम्हाला वगळून, आपण म्हणजे तुम्हाला धरून. हिंदीत हा फरक एका शब्दानं होत नाही; तमिळमध्ये होतो, मामींनी मला 'नाम' आणि 'नांगळ' शिकवलं होतं. इतका उदार शब्द भाषेनं दिलेला असताना आपण त्याचं काय केलं? "आपल्यातलेच दिसता," असं म्हणून जात विचारायला तो वापरला. भाड्याचं घर दाखवणारा म्हणतो, "आपली माणसं हवीत हो." धरून घेणारा शब्द वगळायला वापरला.

नात्याच्या शब्दांचंही असंच. पोलिसाला मामा, कामाला येणाऱ्या बाईला मावशी, उडप्याला अण्णा. प्रेमानं म्हणतो आपण, खोटं नाही. पण मावशीला आपण कुठल्या कपात चहा देतो, एवढं पाहावं. 'भैया' म्हणजे भाऊ; मुंबईत हा शब्द कुणासाठी आणि कुठल्या सुरात वापरला जातो ते या सभागृहात मला समजावून सांगायला नको.

आणि जातीपुरतंच हे नाही. पस्तिशीच्या मुलीला "यंदा कर्तव्य आहे का?" विचारतात, तिच्या आईला विचारतात, तिच्यासमोर. लग्नाला सहा वर्षं झालेल्यांना "पेढे कधी?" गिरणी बंद पडलेल्या माणसाला लालबागच्या नाक्यावर "काय, आज सुट्टी?" विचारणारे होते. १९८२ च्या संपानंतर माझे एक मामा सकाळी डबा घेऊन घरातून निघायचे, कामाला नाही, नुसते निघायचे; नाक्यावर विचारलंच तर हातात डबा असावा म्हणून. सॅक्सनं १९७५ साली लिहिलं की 'कसं काय' या प्रश्नावर प्रत्येकाला खोटं बोलावंच लागतं, कारण खरं सांगायचं तर आधी ठरवावं लागतं की विचारणाऱ्याचा ते ऐकायचा हक्क आहे का. त्याच साली तो मोटार अपघातात गेला. मला त्यात एवढंच घालायचं आहे की सगळ्यांचं खोटं सारख्या वजनाचं नसतं. माझं 'बरं चाललंय' फुकट येतं. मामांचं रोज एक डबा भरून यायचं.

आता सर. सर इथल्या एका तळमजल्याच्या खोलीत संध्याकाळी वाचनालय चालवायचे. मी तिथून आठवीपासून पुस्तकं नेली. त्यांच्या वहीत तीन रकाने होते: पुस्तक, इमारत नंबर, नाव. नाव म्हणजे पहिलं नाव. आडनावाचा रकाना नव्हता. वडिलांनी एकदा विचारलं, गोंधळ होत नाही का? सर म्हणाले, "पुस्तक आणायला घर सापडलं म्हणजे झालं." पुस्तक परत नेलं की ते "कसं वाटलं?" विचारायचे आणि मग काही न बोलता थांबायचे. "छान," म्हटलं तरी थांबायचे. तेवढा एक प्रश्न या वसाहतीत असा होता की ज्याला ठरलेलं उत्तर चालत नसे.

शेवटी आमच्या घरातलं सांगते. माझ्या नोकरीमुळे घरी फोन आला, तेव्हा इमारतीत तो एकटाच होता. त्यामुळे आमचा नंबर कितीतरी जणांच्या कागदांवर 'पीपी' म्हणून गेला. रात्री कॉल यायचा, "जरा तिसऱ्या मजल्यावर बोलावता का?" मी किंवा भाऊ धावत वर जायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंची मुलगी लग्न होऊन विदर्भात गेली होती आणि तिचं तिथे ठीक चाललेलं नव्हतं. हे सगळ्या जिन्याला माहीत होतं आणि त्या विषयावर कुणी एक शब्द काढत नसे. त्या यायच्या, आमच्या बाहेरच्या खोलीत उभ्या राहून दोन्ही हातांनी रिसीव्हर धरायच्या. "हां, बोल. कशी आहेस? जेवलीस का?" मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, "जेवलीस का गं?"

घर दीड खोलीचं, जायला जागा नव्हती. वडील पेपर उघडून तोंडासमोर धरायचे. आई स्वयंपाकघरात जायची, नळ मोठा सोडायची आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.